क्लिओपात्राचं शीड

पहिली फळी फुटली तेव्हा मी वर ऑफिसात डिलिव्हरीचं शेड्यूल बघत बसले होते. आवाज एवढा मोठा झाला की मला वाटलं, कॉम्प्रेसर गेला. धावत खाली आले तर सगळे सुतार चार पावलं मागे सरकून उभे होते, आणि लाकडी सांगाड्यावर वाकवून बसवलेली लांबलचक फळी मधोमध चिरून लोंबत होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक फुटली. तिसऱ्या दिवशी दोन.

मी साधना टिपणीस. मूळची ठाण्याची, आता राहते अजमानला. हमरिया फ्री झोनमध्ये आमची कंपनी आहे. प्रदर्शनं, म्युझियम, मॉल, लग्नाचे हॉल, जिथे म्हणून काही भव्य उभं करायचं असतं ते आम्ही बनवतो. तिथे मी प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर. म्हणजे चूक कुणाचीही असो, फोन मला येतो.

त्या वर्षी आम्हाला मोठं काम मिळालं होतं. शारजातल्या एका प्रदर्शनासाठी रोमन साम्राज्य कसं उभं राहिलं आणि इजिप्तचं तीनशे वर्षांचं राजघराणं कसं संपलं, ते दाखवायचं होतं. हॉलच्या मधोमध येणार होतं क्लिओपात्राचं जहाज. अख्खं नाही, पुढचा अर्धा भाग. पण खऱ्या मापाचा, लांबी अकरा मीटर. लोकांना डेकवर चढता यायला हवं, अशी अट. उद्घाटन मार्चमध्ये आणि आता जानेवारी अर्धा संपला होता.

"खलास," आमचे प्रोजेक्ट मॅनेजर सुजीत फुटलेल्या फळ्यांकडे बघून म्हणाले. "लाकडाचा नाद सोडा. फायबरमध्ये साचा काढू, वरून लाकडासारखा रंग मारू. कुणाला कळतंय?"

"मला कळेल," मागून आवाज आला.

त्या डॉक्टर यम्ना. अलेक्झांड्रियाहून आलेल्या. प्राचीन जहाजांवर त्यांनी आयुष्य घालवलं होतं आणि प्रदर्शनाच्या त्या इतिहास सल्लागार होत्या. साठीच्या, बुटक्या, पायात कायम वर्कशॉपचे सेफ्टी शूज. त्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "प्लास्टिकच्या जहाजावर माझं नाव नको. लाकूड नाही तर मी नाही."

सुजीतनी माझ्याकडे पाहिलं. मी फुटलेल्या फळीकडे.

तेवढ्यात माझ्या कानावर शब्द पडले. "सुक्या फळयेक असा वाकवतत, मगे ती फुटतली नाय तर काय करतली?"

माझं आजोळ कुडाळचं. मालवणी कानावर पडली की मान आपोआप वळते. क्रेट सेक्शनच्या दारात एक चाळिशी ओलांडलेला, काटक माणूस खिळ्यांचा डबा घेऊन उभा होता. शेजारच्या माणसाला सांगत होता, पण नजर फळीवर.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

तो गडबडला. "काय नाही मॅडम. आपलं असंच."

"नाही, सांगा ना. कशी वाकवायची?"

"वाफ द्यायला लागते, मॅडम. आमच्याकडे होडी करताना देतात. वाफेत लाकूड मऊ होतं, मग सांगाल तसं वळतं."

त्याचं नाव भिवा. मालवणच्या खाडीकाठचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधायचं काम. फायबरच्या होड्या आल्या, लाकडी होडी कुणी सांगेना, तेव्हा हा इकडे आला. आधी सात वर्षं रुवैसच्या रिफायनरीत स्कॅफोल्डिंग बांधत होता, आणि गेली सहा वर्षं आमच्याकडे पॅकिंगची खोकी ठोकत होता. सहा वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुला आणखी काय येतं. मीही नाही. त्याच्या व्हिसावर 'हेल्पर' लिहिलं होतं आणि तेवढं वाचून आम्ही थांबलो होतो.

"भिवाभाऊ, वाफेला काय काय लागेल?"

त्यानं भंगाराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तो एसीचा जुना डक्ट आहे ना, तो. एक तेलाचं पिंप, गॅसची मोठी शेगडी. बाकी आमचे हात."

सुजीत कुरकुरले, पण एक दिवस द्यायला तयार झाले. संध्याकाळपर्यंत भिवानं डक्टची लांब पेटी केली, एका टोकाला चिंध्या कोंबल्या, दुसऱ्या टोकाला पिंपाची वाफ जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड इंच जाडीची फळी आत सरकवली आणि घड्याळ लावलं. इंचाला एक तास, असा त्याचा हिशेब. दीड तासानं त्यानं हातमोजे चढवले.

"आता बोलायचं नाही कुणी. दोन मिनिटं आहेत. यल्ला!"

फळी बाहेर आली ती वाफाळतच. सहा जण ती घेऊन धावले. भिवा सांगाड्यावर चढून बसला होता. त्यानं टोक धरलं, गुडघा लावला आणि फळी वाकवायला सुरुवात केली. मी डोळे मिटून घेतले, आवाजाची वाट बघत. आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर फळी जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकापाशी, अशी वळून बसली होती जशी ओल्या मातीची पट्टी असावी. भिवा क्लॅम्प आवळत होता आणि घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते.

डॉक्टर यम्नांनी फळीवरून तळहात फिरवला. मग त्या भिवाकडे वळून म्हणाल्या, "मुअल्लिम." अरबीत हा शब्द शिक्षकालाही लावतात आणि हुन्नरी कारागिरालाही. भिवाला साइटवरचं अरबी कळत होतं. तो लाजून खाली बघायला लागला.

त्या दिवसापासून जहाज भिवाचं झालं. मी एचआरशी भांडून त्याला क्रेट सेक्शनमधून काढलं. त्यानं आपली माणसं निवडली. दोन वेंगुर्ल्याचे, एक देवगडचा, बाकी केरळचे आणि बंगालचे. आपसात मालवणी, बाकीच्यांशी हिंदी. रोज तीन फळ्या बसायच्या, कधी चार. फेब्रुवारी उजाडेपर्यंत कमरेएवढा सांगाडा डोक्याच्या वर गेला होता. शेजारच्या यार्डातले पठाण ड्रायव्हर जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम बघायला येऊ लागले.

अडचण आली ती दुसरीकडून. डिझाइन परदेशातल्या एका कंपनीचं होतं, आणि त्यांनी भिंतीवर लावायच्या पॅनेलचा मजकूर पाठवला. मी तो डॉक्टर यम्नांना दाखवला. जहाजावरच बसून त्यांनी वाचला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की लढाई ऐन रंगात असताना राणी घाबरली, प्रियकराला सोडून पळाली आणि त्या एका क्षणानं इजिप्त बुडालं. जहाजाच्या ड्रॉइंगमध्ये डोलकाठी नव्हती, शीड नव्हतं. नुसती वल्ही.

 त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि चष्मा पुसत बसल्या.

"काय झालं मॅडमना?" भिवानं मला विचारलं.

मी सांगितलं. त्यानं हातोडी खाली ठेवली. "कसली लढाई? कुठे झाली?"

मग डॉक्टर यम्ना खाली उतरल्या, जमिनीवरच्या भुशात उकिडव्या बसल्या आणि बोटानं किनारा काढला. त्या इंग्रजीत सांगत होत्या, मी मराठीत. भोवती सगळे कारागीर जमले.

ही अ‍ॅक्टियमची खाडी, ग्रीसच्या किनाऱ्यावर. आत अडकलेत अँटनी आणि क्लिओपात्रा. अँटनी रोमचा सेनापती, क्लिओपात्रा इजिप्तची राणी. बाहेर समुद्रात तोंड अडवून उभा आहे ऑक्टेव्हियन, जो पुढे रोमचा पहिला सम्राट होणार आहे. महिनोन्‌महिने कोंडी चाललीय. आतल्या सैन्यात ताप पसरलाय, धान्य संपत आलंय, माणसं रोज फितूर होताहेत. शेवटी सप्टेंबरच्या एका सकाळी ही जहाजं बाहेर पडतात. पुढे अँटनीची रांग. मागे राणीची साठ जहाजं, त्यांच्यावर सगळा खजिना. दुपारपर्यंत लढाई होते. आणि मग एकाएकी राणीची साठ जहाजं शिडं उभारतात, मधल्या फटीतून निघतात आणि दक्षिणेला दिसेनाशी होतात. अँटनी तिच्यामागे जातो. उरलेली शरण येतात.

"वारा कसा होता?" भिवानं विचारलं.

मी भाषांतर केलं. डॉक्टर यम्नांनी मान वर केली. असा प्रश्न त्यांना अपेक्षित नसावा.

"सकाळी जवळजवळ नाहीच. दुपारी समुद्रावरून सुरू होतो, मग वायव्येकडे सरकतो. आजही तिथे असंच होतं."

"म्हणजे आमच्यासारखंच. सकाळी मतलय, म्हणजे जमिनीवरून येणारा हलका वारा, आणि दुपारी समुद्राचा वारा." भिवा भुशातल्या रेघांवर वाकला. "आणि हिला जायचं होतं खाली, दक्षिणेला?"

"हो."

"लढाईला जाताना शिडं घेऊन जातात?"

"नाही! कुणीच नेत नसे. जड असतात, वल्हवणाऱ्यांच्या आड येतात. किनाऱ्यावर ठेवून जायचे. पण त्या दिवशी अँटनीनं सक्तीनं सगळ्यांना बरोबर घ्यायला लावली."

भिवा हसला. मग बंद होईना असा हसला. वेंगुर्ल्याचे दोघेही हसू लागले. मला काही कळेना.

"मॅडम, ह्यांना सांगा," तो म्हणाला, "घाबरलेला माणूस आदल्या दिवशी शिडं भरून ठेवत नाही. खजिना मागच्या जहाजांत, शिडं बरोबर, आणि वारा येणार दुपारी. ही बाई पळाली नाही. वाऱ्याची वाट बघत थांबली होती. वारा फिरला तशी बाहेर पडली. जाळ्यातून साठ जहाजं काढली तिनं! आमच्याकडे होडीवर असा तांडेल मिळाला तर लोक त्याच्या पाया पडतील."

मी शब्दन्‌शब्द सांगितला. डॉक्टर यम्ना उकिडव्या होत्या त्या भुशातच बसल्या.

"मी एकटी नाही," त्या म्हणाल्या, "बरेच अभ्यासक असंच मानतात. पण समोरच्याला हे पटवायला मला चाळीस पानं लागतात. ह्यांनी वारा विचारला फक्त."

दुसऱ्या दिवशी आम्ही डिझाइन कंपनीच्या डायरेक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोललो. ते तसे सभ्य गृहस्थ, पण मताचे पक्के. त्यांचं म्हणणं, ऐन लढाईत डोलकाठी उभी करायची, शीड चढवायचं, ह्याला अर्धा-पाऊण तास लागणार. तोवर रोमन जहाजांनी तिला गाठलं नसतं का? म्हणजे योजना वगैरे काही नाही, सुचेल तसं पळणं. "आणि लोकांना ही गोष्ट अशीच माहीत आहे," ते म्हणाले.

"अर्धा तास?" भिवा माझ्या मागे उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "त्यांनी कधी शीड चढवलंय का?"

मी ते भाषांतर केलं नाही. त्याऐवजी मी म्हटलं, "सर, पुढच्या गुरुवारी तुम्ही इन्स्पेक्शनला येणारच आहात. आम्ही करून दाखवतो. वीस मिनिटांच्या आत झालं तर जहाजाला शीड राहील आणि पॅनेल डॉक्टर यम्ना लिहितील."

डायरेक्टर हसले. "फेअर इनफ."

कॉल संपल्यावर सुजीतनी केबिनचं दार लावून घेतलं. "साधना, हे आपल्या स्कोपमध्ये नाहीये. कुणी पडलं, काठी मोडली, तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन."

"लिहून देशील?"

मी तिथेच मेल टाकला. घरी आल्यावर नवऱ्याला, राजनला सांगितलं, तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "बारा वर्षं एकाच कंपनीत नीट टिकलीस, आणि आता दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईसाठी नोकरी पणाला लावलीस?" माझी समिधा, वय वर्षं अकरा, सोफ्यावरून म्हणाली, "आय थिंक इट्स कूल, आई."

भिवानं रविवारची सुट्टी सोडली. सगळ्या गँगनं सोडली. शारजाच्या लाकूड बाजारातून सात मीटरचं सरळ पाइनचं खोड आणलं, ते रंध्यानं गोल केलं. डेकमध्ये खाच कापली. शिडाचा आडवा वासा, ज्याला ते परबाण म्हणत, तो तासला. तंबू शिवणाऱ्या एका दुकानातून शीड शिवून आलं. रंग जांभळा. जुन्या लिखाणात जांभळ्या शिडाचा उल्लेख सापडतो, असं डॉक्टर यम्ना म्हणाल्या, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही, इतकं ते सुंदर दिसत होतं.

त्याच दिवशी दोर वळता वळता भिवानं विचारलं, "मग पुढे काय झालं? पोचली ती घरी?"

"पोचली," डॉक्टर यम्ना म्हणाल्या. "बंदरात शिरताना जहाजांना हार घातले होते, जिंकून आल्यासारखे. पण वर्षभरात ऑक्टेव्हियन अलेक्झांड्रियाला येऊन धडकला. सैन्य त्याला जाऊन मिळालं. अँटनीनं स्वतःवर तलवार चालवली. ऑक्टेव्हियनला राणी जिवंत हवी होती, रोमच्या रस्त्यांतून साखळदंडात फिरवायला. तिनं ते होऊ दिलं नाही. स्वतः जीव दिला. एकोणचाळीस वर्षांची होती."

भिवानं दोराचं टोक पायाखाली धरलं. 

"आणि राज्य?"

"संपलं. इजिप्त ऑक्टेव्हियनच्या मालकीचं झालं. नाईलचा गहू रोमला जाऊ लागला. त्याच गव्हावर आणि त्याच खजिन्यावर त्याचं साम्राज्य उभं राहिलं. मिरवणुकीत त्याला राणीचा नुसता पुतळा फिरवावा लागला."

भिवानं दोराला पीळ देता देता मान हलवली. "जिंकला तो. शहाणाच असणार, त्याशिवाय कोण एवढं राज्य करतो? पण त्या दुपारी, समुद्रात, ही जिंकली. तेवढं तरी खरं लिहा."

मी ते भाषांतर करून सांगितलं.

गुरुवारी जहाज क्रेननं बाहेर, खाडीच्या बाजूच्या मोकळ्या यार्डात आणून ठेवलं. स्टँड साखळ्यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधला. सुजीतनी सेफ्टीवाल्याला सांगून सगळ्यांना हेल्मेट, दोन जणांना हार्नेस चढवायला लावले. डायरेक्टर आले, क्लायंटची माणसं आली. सकाळभर वारा नव्हता. यार्डातल्या पताका निपचित लोंबत होत्या. डायरेक्टरांनी सकाळीच दाखवा म्हटलं, तर भिवा म्हणाला, "दुपारी. ती पण दुपारपर्यंत थांबली होती."

पावणेतीनला खाडीवर पाणी खरखरलं. गालाला गार लागलं. भिवानं बोट वर धरलं, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. डायरेक्टरांनी फोनवर स्टॉपवॉच सुरू केलं.

आठ जण डेकवर धावले. आडवी काठी दोरांनी उचलायला सुरुवात झाली. तिघं पुढच्या दोराला, दोघं बाजूंना, दोघं खालून दुबेळक्यानं, म्हणजे दोन फाट्यांच्या काठीनं, रेटताहेत. भिवा काठीच्या बुंध्याशी. "हैसा!" तो ओरडला. "हैसा!" सगळे ओरडले, केरळचेही, बंगालचेही. काठी कमरेएवढी वर आली, छातीएवढी झाली. आणि मध्येच अडकली. पुढचा दोर नाळेच्या खाचेत रुतला होता. काठी डावीकडे झुकली. खालचा एक जण घसरून गुडघ्यावर आला.

"बंद करा!" सुजीत किंचाळले. "खलास! खाली घ्या ती!"

 पण भिवाचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "कोणी सोडू नका. डावीकडचे, टेकून धरा. आनंदा, दोर उचल, ओढू नको, उचल." देवगडचा आनंदा नाळेवर आडवा झाला, दोन्ही हातांनी दोर खाचेतून वर काढला. "आता. हैसा!"

काठी सरळ उभी राहिली आणि बुंधा खाचेत असा बसला की सगळं जहाज थरथरलं. भिवानं पाचर घातली, तीन घाव मारले. "परबाण घ्या!" गुंडाळलेल्या शिडासकट वासा वर सरकत गेला. सरसर आवाज करत दोर कप्पीतून धावत होता. वासा टोकाला पोचला. भिवानं बारीक सुतळीला झटका दिला.

जांभळं शीड कोसळल्यासारखं खाली उघडलं. एक क्षण नुसतं लोंबलं. मग वारा आला.

मी ह्या देशात कितीतरी भव्य गोष्टी उभ्या राहताना पाहिल्यात. पण असं काही नाही. शीड एका झटक्यात फुगलं, ढोल वाजावा तसा आवाज झाला, सगळे दोर ताठ होऊन गुणगुणू लागले, साखळ्या करकरल्या आणि ते अर्धं जहाज पुढे झेपावल्यासारखं झालं. यार्डात काम करणारे सगळे थांबले होते. पलीकडच्या भिंतीवर पठाण ड्रायव्हर चढून उभे होते. आधी त्यांच्यातल्या एकानं शिट्टी मारली आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. सुजीत सगळ्यांत जोरात वाजवत होते.

डायरेक्टरांनी स्टॉपवॉच बंद करून ते आम्हाला दाखवलं. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. दोर अडकला ते धरून.

"माझं चुकलं," ते म्हणाले. सरळ, आढेवेढे न घेता. मग ते शिडी चढून डेकवर गेले आणि भिवाचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिले. भिवाचं हेल्मेट तिरकं झालं होतं. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण काय बोललं जातंय ते कळत होतं.

डॉक्टर यम्ना खाली उभ्या होत्या, मान वर करून. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "मी तीस वर्षं हे कागदावर काढत आलेय," त्या मला म्हणाल्या. "पहिल्यांदा पाहिलं."

मार्चमध्ये प्रदर्शन उघडलं. पॅनेल डॉक्टर यम्नांनी लिहिलं होतं, अरबीत आणि इंग्रजीत. त्यात वारा होता, शिडं होती, साठ जहाजं होती, आणि शेवटी दोन ओळी रोमच्या: ह्या विजयानंतर जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्यांपैकी एक उभं राहिलं, आणि फारोंच्या सिंहासनावर पुन्हा कुणी राणी बसली नाही. त्याखाली जहाज बांधणाऱ्या बारा जणांची नावं. वरचं नाव भिवाचं, पुढे लिहिलेलं 'मुख्य जहाजबांधणी कारागीर'. एचआरनं नंतर त्याच्या व्हिसावरचं पदही बदललं. त्यासाठी मला भांडावं लागलं नाही. सुजीतनीच कागद नेले.

उद्घाटनाला कंपनीची बस सगळ्या गँगला घेऊन आली. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल, आनंदानं तर नवा गॉगल लावला होता. समिधा त्यांच्या मागे मागे फिरत होती. डेकवर तिनं भिवाला विचारलं, "अंकल, वॉज शी द बॅड वन ऑर द गुड वन?"

मी सांगणार होते, पण त्याला कळलं. "बेटा, वो होशियार थी," तो म्हणाला. मग तिला नाळेपाशी नेऊन त्यानं वारा कुठून आला, फट कुठे पडली, ते सगळं हातवारे करून दाखवलं. हिंदी, मराठी, मध्येच मालवणी. बघता बघता दहा-बारा मुलं भोवती जमली. कुठल्या कुठल्या देशांची. एकही हलत नव्हतं.

नंतर त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. बायकोनं, रुपालीनं फोन धरला होता आणि त्यात भिवाचे वडील दिसत होते, ऐंशीच्या घरातले, ओसरीवर बसलेले. भिवा फोन हळूहळू फिरवत जहाज दाखवत गेला. नाळ, फळ्यांची वळणं, डोलकाठी, वर जांभळं शीड. म्हातारा फोनजवळ वाकून बघत होता. 

"थांब," अखेर आवाज आला. "ती तिसरी फळी दाखव. जवळ ने. हां. गाठ इली हा थयसर."

"होय बाबा," भिवा म्हणाला. "लाकूडच तसला मिळाला."

"हूं."  मागे रुपाली काहीतरी कुजबुजली, तिला त्यांनी हातानं गप्प केलं. "बाकी काय वाईट नाय. पाण्यात सोडलंस तर चलतला ह्या."

भिवानं फोन छातीशी धरला. मग डोकं मागे टाकून एवढ्या जोरात ओरडला की हॉलच्या टोकाशी उभे असलेले पाहुणेसुद्धा वळून बघायला लागले. आनंदा धावत आला, "काय झाला रे, काय झाला?"

"बाबा म्हणतत चलतला!"

बाराही जण डेकवर चढले. सिक्युरिटीवाला "स्लोली, स्लोली" म्हणत राहिला, मग त्यानंही नाद सोडला आणि त्यांच्या हातातला फोन घेऊन फोटो काढू लागला. डॉक्टर यम्नांना त्यांनी मधोमध उभं केलं, मला हात धरून वर ओढलं, सुजीतनाही. सगळ्यांचे डोळे उघडे आलेत असा एकही फोटो नाही, कारण सगळे हसत होते.